कुठला ससा?

पुण्यात शिकत होते तेव्हा ससा मला कधी अडला नाही. अडायच्या त्या शेळ्या-मेंढ्या. उत्खननातून आलेल्या हाडांच्या पिशव्या टेबलावर रिकाम्या केल्या की निम्मा दिवस त्यांच्यातच जायचा. दोघींची हाडं इतकी सारखी, की जगभरच्या हाडवाल्यांनी त्यांच्यासाठी 'शेळी/मेंढी' असा जोडकप्पाच करून ठेवलाय. त्यात हाड टाकताना कुणाला लाजही वाटत नाही. मधूनच सशाचं एखादं हाड निघालं की हायसं वाटायचं. हलकं, सडपातळ, हातात घेतल्याबरोबर कळणारं. यादीत 'लेपस निग्रिकॉलिस' लिहायचं आणि पुढची पिशवी उघडायची. काळ्या मानेचा भारतीय ससा. आपल्या माळावर रानचा ससा म्हणून तेवढा एकच, त्यामुळे ओळखायचं अर्धं काम नकाशानंच करून ठेवलेलं असायचं.

पुढे दक्षिण इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत काम शिकायला गेले. पहिल्याच आठवड्यात एका ट्रेमध्ये दोन स्वच्छ कवट्या माझ्यापुढे आल्या. एक थोरली, एक धाकटी. कशाच्या आहेत ते सांग, मला काम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. मी मनात म्हटलं, ससा आणि ससा. तोंडानं अर्थातच तसं म्हणता येईना. तिथं एक हेअर होता आणि एक रॅबिट, आणि समोर बसलेल्या बाईंच्या लेखी त्या दोघांत जेवढं साम्य तेवढंच आपल्या लेखी कुत्र्यात आणि कोल्ह्यात.

"मोठी हेअरची, लहान रॅबिटची," मी चाचपडत म्हणाले.

"कशावरून?"

"आकारावरून."

बाई नुसत्या हसल्या. उत्तर बरोबर होतं, पण ते हसू कशाचं होतं ते कळायला मला चार महिने लागले.

त्या रात्री खोलीवर येऊन शब्दकोश काढला. रॅबिट म्हणजे ससा. हेअर म्हणजे ससा, फार तर रानससा. पण इंग्लंडात रॅबिटही रानातच राहतो, रेल्वेच्या कडेच्या उतारावर संध्याकाळी त्यांची जत्रा भरते, मग त्याला काय म्हणायचं? मी शब्दकोश मिटला आणि लहानपण आठवत बसले. कारण हे दोघंही मला तेव्हाच भेटले होते, मला ते कळलं नव्हतं एवढंच.

मामाचं गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या अंगाला. बाजरी काढून झाल्यावर धसकटातून चालताना एकदा माझ्या पायापासून हातभर अंतरावरचं ढेकूळ उठलं आणि पळालं. ढेकूळच म्हणते, कारण उठेपर्यंत ते ढेकूळच होतं. मग लांब कान, मानेवरचा काळा डाग, आणि एकदा इकडे एकदा तिकडे अशा उड्या. बांधापलीकडे गेलंसुद्धा. तो बसला होता तिथं बिळ नव्हतं, खड्डाही नव्हता, नुसती दबलेली जागा होती, हात लावला तर कोमट. दुसऱ्या वर्षी मामानं खुरपणी थांबवून गवताच्या बुडख्याशी दोन पिल्लं दाखवली होती. मुठीएवढी, पण अंगभर केस, डोळे टक्क उघडे. हात लावू दिला नाही. "माणसाचा वास लागंल," म्हणाला.

पुण्यात आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात दुसरा ससा होता. पांढराधोप, लाल डोळ्यांचा, खोक्याच्या पिंजऱ्यात. त्या मादीला पिल्लं झाली तेव्हा आम्ही मुलं बघायला गेलो आणि जरा घाबरलोच. गुलाबी, उघडीवाघडी, डोळे मिटलेली, मेणाच्या बोटांसारखी. आईनं पोटाचे केस उपटून त्यांना गादी केली होती. मला तेव्हा वाटलं, शहरातल्या सशांची पिल्लं अशी होत असतील.

खरं तर सगळा फरक त्यात होता. हेअर उघड्यावर जन्मतो, म्हणून डोळे उघडे घेऊनच येतो. रॅबिट बिळात जन्मतो, त्याला आंधळं असून चालतं. पिंजऱ्यातला पांढरा ससा कितीही पिढ्यांचा पुणेकर असला तरी मुळात तो युरोपातल्या रॅबिटचा वंशज. भारतात रानचा रॅबिट नाही. तरी आपल्या डोळ्यांसमोर ससा म्हटला की तोच येतो, पांढरा, गुबगुबीत, गाजर खाणारा. पळायच्या शर्यतीतही आपण त्यालाच उभा करतो. आणि चंद्रावर ज्याचा डाग आहे, ज्याच्यावरून शशी आणि शशांक ही नावं आली, ज्याच्या शिंगाचं उदाहरण आपल्या तर्कशास्त्र्यांनी 'जगात नसलेली वस्तू' म्हणून शेकडो वर्षं वापरलं, तो धसकटातला. 'ससेहोलपट' झाली तीही त्याचीच. पुढून वाघर लावलेली, मागून हाकारे, आणि मधे सैरावैरा तो. बिळात शिरणाऱ्याची होलपट होत नाही.

एका प्राण्याला शब्द नसणं ही काही मराठीची गरिबी नव्हे. प्राणीच नव्हता, तर शब्द कशाला असेल? हेच इंग्रजीचंही झालं होतं, हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं. हेअर हा त्यांचा जुना, घरचा शब्द. रॅबिटला मात्र जुन्या इंग्रजीत नावच नाही. तो नॉर्मन लोकांच्या मागून आला आणि नावही त्यांच्याच फ्रेंचमधून 'कोनी' असं घेऊन आला. रॅबिट हा शब्द आधी फक्त त्याच्या पिल्लांना लावत, पुढे पिल्लाचं नाव बापाला चिकटलं. कोनी ज्या लॅटिन शब्दापासून आला तो क्युनिक्युलस. त्याचे अर्थ दोन, हा प्राणी आणि जमिनीखालचं भुयार. रोमन माणसाला तो प्राणी आणि त्याचं बीळ वेगळं काढावंसं वाटलं नाही. फिनिशियन खलाशी स्पेनच्या किनाऱ्याला लागले तेव्हा त्यांनी रॅबिट बघून आपल्याकडच्या हायरॅक्स नावाच्या खडकात राहणाऱ्या प्राण्याचं नाव त्याला दिलं आणि त्यावरून हिस्पानिया हे स्पेनचं जुनं नाव पडलं, अशीही एक व्युत्पत्ती सांगतात. खरीखोटी कोण जाणे. पण मला ती आवडते, कारण शब्द नसलेला माणूस काय करतो ते तीत बरोबर पकडलंय. जवळचं काहीतरी चिकटवून मोकळा होतो.

आता कवटीकडे येते, कारण पुढचे काही महिने मी दुसरं काही केलं नाही.

ससेकुळातली कवटी हातात आली की आधी वरचे पटाशीचे दात बघायचे. समोर दोन मोठे, प्रत्येकावर उभी खाच. हे उंदराघुशीसारखंच दिसतं. पण कवटी उलटी करून त्या दातांच्या मागे बघितलं की तिथं आणखी दोन असतात, तांदळाच्या कणीएवढे, काही चावत नसलेले. उंदराला ते नाहीत, खारीला नाहीत, साळिंदराला नाहीत. या दोन कण्यांच्या जोरावर सशांचं कुळ कृंतकांपासून, म्हणजे या कुरतडणाऱ्यांपासून, वेगळं निघालं, आणि स्वतंत्र गण म्हणून त्याची मांडणी झाली ती अगदी अलीकडे, १९१२ साली. त्याआधी ससा बऱ्याच पुस्तकांत उंदरांच्या पंगतीला बसलेला दिसतो.

मग नाकाची बाजू. तिथलं हाड सलग नसतंच. घावनाला पडते तशी जाळी असते, उजेडाला धरली तर आरपार दिसते. मातीखाली गेल्यावर पहिली चुरगळते ती ही जाळी. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या कपाटात मांडलेली अखंड कवटी आणि उत्खननातून आलेली कवटी यांत, लग्नाच्या पत्रिकेतलं जेवण आणि पानात पडलेलं जेवण यांत असतो तेवढा फरक. आपल्या वाट्याला येतो तो एखादा टाळूचा तुकडा, त्यात तीनचार दाढा. नाहीतर पुढचं टोक, दोन दातांसकट. नाहीतर कानाचा हाडाचा फुगा, वाटाण्याहून मोठा, रिकामा. जबडे त्यातल्या त्यात बरे टिकतात. खालच्या जबड्यातली पहिली दाढ मिळाली तर तिच्या माथ्यावरची एनॅमलची नागमोडी रेघ भिंगाखाली धरून पुष्कळ काही सांगता येतं.

पण कवटीचा मागचा भाग मिळाला तर सगळ्यांचा हात आधी एकाच जागी जातो. डोक्याच्या मागच्या उतारावर, मधोमध, एक चिमुकलं हाड असतं, इंटरपरायटल. रॅबिटमध्ये ते म्हातारपणापर्यंत आपली शिवण राखून असतं. भोवती बारीक नागमोडी रेघ, जणू मागाहून लावलेलं ठिगळ. हेअरमध्ये तेच हाड वयाबरोबर शेजारच्या हाडांत मुरून जातं, शोधून सापडत नाही. डोळ्यावरचा हाडाचा छज्जाही बघतात. हेअरचा रुंद, तिकोनी, पाखरानं पंख अर्धवट उघडावा तसा. रॅबिटचा अरुंद. आणि टाळू. टाळूचं हाड या कुळात फार तोकडं असतं, पुढची भोकं आणि मागची श्वासाची वाट यांच्यामधला एक पूलच म्हणा. पुलाची पुढून मागे लांबी मोजायची आणि मागच्या वाटेची रुंदी मोजायची. वाट पुलाच्या लांबीपेक्षा रुंद, तर हेअर. पूल लांब आणि वाट अरुंद, तर रॅबिट. जो जीव वाचवायला मैलभर पळतो त्याला हवा जास्त लागणार, जो चार उड्यांत बिळात शिरतो त्याचं अरुंद वाटेवर भागतं, असं याचं कारण सांगतात. मला ते पटतं. खुणा नुसत्या पाठ करायच्या म्हटलं तर माझ्या लक्षात राहत नाहीत, पळणारा आणि दडणारा असे दोघं डोळ्यांपुढे आणले की राहतात.

या सगळ्या खुणा काही माझ्या शोध नव्हेत, हे सांगायला नकोच. पश्चिम युरोपातल्या या दोन प्राण्यांची हाडं एकेक करून कशी वेगळी काढायची याची मांडणी सेसील कालू या फ्रेंच संशोधक बाईंनी १९९७ साली केली. आमच्या टेबलावर तिची झेरॉक्स होती, कोपरे कुरतडल्यासारखे झालेले. फ्रेंच येत नसलेली माणसंसुद्धा चित्रांवरून काम चालवायची.

चौथ्या महिन्यात माझ्याकडे एका लोहयुगीन खड्ड्यातला माल आला. खडूच्या जमिनीत खणलेला धान्य साठवायचा खड्डा, पुढे केरकचरा टाकून बुजवलेला. चाळणीत राहिलेल्या बारीक तुकड्यांत एका पिशवीत कवटीचा मागचा भाग आणि टाळूचा तुकडा निघाला. लहान चण. आणि मागच्या उतारावर ते ठिगळ स्पष्ट, शिवणीसकट. मी फॉर्मवर रॅबिट लिहिलं.

लिहिलं आणि मग छातीत धडधडायला लागलं. कारण लोहयुगात ब्रिटनमध्ये रॅबिट असायलाच नको. लाखो वर्षांपूर्वीच्या उबदार काळात तो तिथं होता, मग बर्फ आलं आणि संपला. पुन्हा रुळला तो थेट मध्ययुगात. मग माझ्या पिशवीतला हा कोण? एक शक्यता घुसखोराची. रॅबिट उकरतो. तुमचा थर लोहयुगाचा की रोमनांचा, हे बघून तो बीळ करत नाही. शे-दोनशे वर्षांपूर्वीचा एखादा रॅबिट अडीच हजार वर्षांपूर्वीच्या खड्ड्यात जाऊन निवांत मरतो, आणि आपण त्याला प्राचीन समजून पिशवीत भरतो. अशी हाडं बहुधा रंगानं उजळ असतात, एकाच जनावराची बरीचशी मिळतात, सुरीच्या खुणा नसतात. माझं हाड तसं नव्हतं. बाकीच्या हाडांसारखंच चहाच्या रंगाचं. थराची नोंदही म्हणत होती की वरून छेद नाही. म्हणजे दुसरी शक्यता. मी त्या रात्री पुण्यातल्या मैत्रिणीला मेल लिहायला घेतला. त्यात 'सर्वांत जुना' हे शब्द तीनदा होते.

सकाळी बाईंनी तुकडे हातात घेतले. मागचा भाग बघून मान डोलावली. मग टाळूचा तुकडा उलटा केला, काही न बोलता कॅलिपर माझ्याकडे सरकवला. मी मोजलं. वाट पुलापेक्षा रुंद. पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

"हाडाचा पोत बघ," त्या म्हणाल्या.

भिंगाखाली पृष्ठभाग बारीक छिद्रांचा, स्पंजासारखा. पिल्लाचं हाड. हेअरचं ते ठिगळ वयाबरोबर मुरतं म्हणतात, म्हणजे लहान वयात ते मुरलेलं नसतं, हे मी लिहून घेतलं होतं, तांबड्या शाईनं अधोरेखितही केलं होतं. आणि लहान हेअर आकारानं कसा असणार? रॅबिटएवढा. पहिल्या आठवड्यात बाई का हसल्या ते तेव्हा कळलं. आकार आणि शिवण, दोघांनी मिळून मला टोपी घातली होती, आणि टाळू मुकाट्यानं खरं सांगत पडला होता. मी तो उलटा करून बघितलाच नव्हता, कारण मला जे हवं होतं ते आधीच मिळालं होतं. मेल पाठवला नव्हता हे नशीब.

उलट बाजूनंही असं होतं, आणि तिथं मात्र कुणी हसत नाही. ससेक्समध्ये फिशबोर्नला रोमन काळातला एक मोठा राजवाडा आहे. १९६४ साली तिथल्या उत्खननात नडगीच्या हाडाचा चार सेंटिमीटरचा तुकडा मिळाला आणि पेटीत गेला. पेटी पन्नास वर्षं तशीच. २०१७ साली हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या फे वर्ली यांनी तो हातात घेतला आणि त्यांना तो रॅबिटचा वाटला. घुसखोर असेल, असं कुणीही म्हटलं असतं. पण डीएनएनं रॅबिटच म्हणून सांगितलं आणि कार्बन तपासणीनं काळ दिला तो इसवी सनाच्या पहिल्या शतकाचा. २०१९ मध्ये ते जाहीर झालं. सुरीच्या खुणा नव्हत्या. बहुधा बंदिस्त ठेवलेला, कुणा श्रीमंताच्या घरचा कौतुकाचा प्राणी. म्हणजे जे हाड मी सापडलं असं समजत होते ते खरोखरच होतं, फक्त माझ्या पिशवीत नव्हतं, आणि माझ्या खड्ड्याहून शेकडो वर्षं अलीकडचं होतं. ही बातमी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्या पेटीचं जास्त वाटलं. पन्नास वर्षं. किती जणांनी ती उचलून दुसऱ्या फळीवर ठेवली असेल.

माझ्या हेअरच्या पिल्लाचं पुढे काय झालं? ते अहवालात एका ओळीत बसलं. पण त्या ओळीलाही वजन होतं. तपकिरी हेअरसुद्धा ब्रिटनचा मूळ रहिवासी नव्हे, तो लोहयुगाच्या सुमारास समुद्रापलीकडून आणलेला, असं आता मानतात. डोंगरी हेअर तेवढा मूळचा. आणि आल्यावर लोकांनी त्याला खाल्लं नाही. हॅम्पशायरमध्ये लोहयुगातले हेअरचे अख्खे सांगाडे मिळालेत, न कापलेले, नीट पुरलेले. इसवी सनापूर्वी ५५ आणि ५४ साली सीझर तिथं उतरला तेव्हा त्यानंही लिहून ठेवलं की हे लोक हेअर, कोंबडं आणि हंस खाणं निषिद्ध मानतात, हौसेनं पाळतात मात्र. पुढे रोमन अमलात तो ताटात आला. मध्ययुगात रॅबिटसाठी जमीनदारांनी मातीचे लांबट उंचवटे बांधून दिले, आयती बिळं! सुरुवातीला तो इतका मऊ आणि नाजूक गडी होता की इंग्लंडची थंड जमीन त्याला उकरवेना. आज रेल्वेच्या कडेला जत्रा भरवतो तो हाच, यावर विश्वास बसत नाही.

रॅबिट माणसाळला कसा याचीही एक गोष्ट बरीच वर्षं पुस्तकांतून फिरत होती. इसवी सन ६०० च्या सुमारास पोप ग्रेगरीनं म्हणे फर्मान काढलं की रॅबिटची पोटातली पिल्लं हे काही मांस नव्हे, उपासाला चालेल. झालं, मठातल्या साधूंनी रॅबिट पाळायला घेतले. आपल्याकडे साबुदाणा उपासाला चालतो त्याच चालीवर मला ही गोष्ट पटून गेली होती. २०१८ साली काही संशोधकांनी मुळापर्यंत जाऊन बघितलं तर असं फर्मानच नाही. होता तो दुसराच ग्रेगरी, तूर गावचा बिशप. त्यानं फक्त एवढंच लिहिलं होतं की एक माणूस उपासाच्या दिवसांत रॅबिटची पिल्लं खात होता. दोन ग्रेगरी, एक नाव. माझ्या शब्दकोशातला गोंधळ त्यांनाही झाला होता.

आणि मराठीतही असा एक घुसखोर आहे, जाता जाता सांगते. 'ससेमिरा'. पाठीमागे ससेमिरा लागला म्हटलं की मला लहानपणापासून पळणारा ससाच दिसायचा. ससेहोलपटीच्या शेजारी तो इतका शोभतो! पण त्याचा सशाशी काही संबंध नाही. सिंहासनबत्तिशीतल्या एका राजपुत्रानं झाडावर आसरा देणाऱ्या अस्वलाशी दगा केला, त्याला वेड लागलं आणि तो स, से, मि, रा एवढंच बरळत सुटला. ही चार अक्षरं म्हणजे चार श्लोकांची पहिली अक्षरं. एकेक श्लोक ऐकवला तसं एकेक अक्षर गळालं आणि तो शुद्धीवर आला. दिसायला सारखा, थरही तोच, पण हाड वेगळ्याच जनावराचं. टाळू उलटा करून बघायला हवा, तो असा.

हल्ली हाडातलं कोलॅजन काढून त्याच्या ठशावरून प्राणी ओळखता येतो, चिमूटभर हाड पुरतं. पण प्रत्येक तुकड्यावर तो खर्च कोण करणार? दिवसभराच्या कामात डोळे आणि अंगठाच. आणि डोळे कितीही सरावले तरी ट्रेमध्ये शेवटी काही तुकडे उरतातच. दाढेचा अर्धा भाग, फुग्याची टरफलं, बरगडीचे काटे. रॅबिट म्हणावा तर पुरावा नाही, हेअर म्हणावा तर तोही नाही. फॉर्ममध्ये त्यांच्यासाठी 'हेअर/रॅबिट' असा तिरक्या रेघेचा कप्पा आहे, शेळी-मेंढीसारखाच. सुरुवातीला तो कप्पा भरताना मला हरल्यासारखं वाटायचं. नवशिक्याला प्रत्येक हाडाला नाव हवं असतं.

माझी एक खासगी वही असते, मराठीत. फॉर्म भरण्याआधी मी तिच्यात खरडते. एकदा जुनी पानं चाळताना दिसलं की त्यात मी हेअर लिहिलंय, रॅबिट लिहिलंय, आणि जिथं दोन्हींतलं काहीच म्हणायची हिंमत झाली नाही तिथं सगळीकडे, न ठरवता, लिहून गेलेय, 'ससा'. इंग्रजीला त्या जागी दोन शब्द आणि मधे तिरकी रेघ लागते. शास्त्राला लेपोरिडी हे कुळाचं लॅटिन नाव लागतं. पहिल्या आठवड्यात जो शब्द ओठांवर आला आणि गिळावा लागला, तो त्या तुकड्यांपुरता सर्वांत चोख होता. नाहीतर शब्दाच्या या ढिलेपणाची मला शरम वाटू लागली होती.

गेल्या मे महिन्यात मामाकडे गेले होते. आता मामाचं वय झालंय, तरी सकाळी एक फेरी शेतावर असतेच. परत येताना त्यानं बांधावर पडलेलं काहीतरी उपरण्याच्या शेवात बांधून आणलं आणि माझ्यापुढे ओट्यावर ठेवलं. कवटी. मुंग्यांनी साफ केलेली, उन्हानं पांढरी पडलेली, जाळी एका बाजूनं अजून शाबूत. पटाशीचा एक दात पडलेला, पण मागची एक कणी जागेवर. आयुष्यात पहिल्यांदा आमच्याकडची अशी अखंड कवटी मातीतून न उकरता माझ्या हातात आली होती. मी ती ओसरीच्या उजेडात धरली. मागच्या उतारावर अंगठा फिरवला, शिवण लागली नाही. उलटी केली. टाळूचा पूल तोकडा, मागची वाट ऐसपैस. सवयीनं पिशवीत कॅलिपर शोधायला लागले.

मामा तंबाखू मळत बघत होता.

"एवढं काय बघतीस गं? ससा हाय त्यो."

"ते कळलं मामा. कुठला ते बघतेय."

"कुठला म्हंजे?" मामानं हात झटकले. "आपल्याच वावरातला."